सासूबाईंनी चहा सोडला तेव्हा

आमच्या सासूबाई दोन गोष्टींत कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. एक, आपल्या देवाशिवाय दुसऱ्या मूर्तीपुढे मान वाकवायची नाही. दोन, सकाळचा चहा चुकवायचा नाही. पहिली गोष्ट पंथाची आहे, दुसरी त्यांची स्वतःची.

आम्ही महानुभाव. घरात अंडंसुद्धा येत नाही, दारूचा तर विषयच नको. शेजारी पूजा असली की आम्ही जातो, बसतो, गप्पा मारतो, पण मूर्तीपुढे हात जोडत नाही. भेटलेल्या माणसाला मात्र 'दंडवत प्रणाम' म्हणतो, मग तो म्हातारा असो की शाळकरी पोर. पंथात त्याला लहानमोठं नाही. सासूबाईंच्या राज्यात आहे. धाकट्यानं आधी हात जोडायचे, मग त्या जोडणार. लग्न होऊन मी युसूफ वडगावात आले तेव्हापासून त्यांनी कुणा धाकट्याला आधी हात जोडलेले मी पाहिले नव्हते. एकदा मी मुद्दाम थांबून बघितलं. त्याही थांबल्या. शेवटी आत दूध उतू गेलं आणि मलाच हार मानावी लागली.

मी घरीच ब्लाऊज शिवते. पुढच्या खोलीत माझं मशीन, तिथंच टीव्ही आणि तिथंच सासूबाईंची खाट. त्यामुळे या घरात जे काही घडतं ते त्या खोलीत घडतं, आणि सुईत दोरा ओवता ओवता मी ते बघते.

ही गोष्ट सुरू झाली अमेरिकेत. माझ्या नणंदेची मुलगी लग्न होऊन तिकडे यूटा नावाच्या राज्यात गेली. तिचं पहिलं बाळंतपण वेळेच्या बरंच आधी झालं. नवरा कामासाठी परगावी, बाहेर बर्फ, आणि इथून कुणी जायचं म्हणजे व्हिसाचं झेंगट. त्या दिवसांत तिला सांभाळलं ते शेजारणीनं. चार लेकरांची आई, पण रोज डबा घेऊन यायची. पहिला डबा आणण्याआधी तिनं फोन करून विचारलं होतं, तुम्ही काय काय खात नाही? मग केक आणला तोसुद्धा बिनअंड्याचा.

हे ऐकून सासूबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "आपल्या सोयऱ्यांनी बी कदी इचारलं न्हाई गं, काय खात न्हाई म्हून. आन् ह्या परक्या बाईनं इचारलं."

भाचीचे सासू-सासरे बाळ बघायला निघाले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याबरोबर त्या शेजारणीसाठी त्यांच्या मते जगातली सगळ्यात चांगली वस्तू पाठवली. स्टीलच्या डब्यात चहाची पत्ती आणि वर सुंठ-वेलदोडे स्वतःच्या हातानं कुटून. पोचल्यावर भाचीचा फोन आला. पोरगी हसून हसून बेजार.

"आज्जी, ती मॉर्मन आहे. ते लोक येशूलाच मानतात, पण त्यांचा पंथ निराळा. दारू नाही, सिगारेट नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही."

सासूबाई फोनकडे बघतच राहिल्या. "चहा न्हाई? मंग सकाळी उठतेत कशाला?"

त्या बाईनं तो डबा आपल्या स्वयंपाकघरात, लेकरांच्या फोटोंशेजारी ठेवला होता म्हणे. रोज झाकण उघडून वास घ्यायची. वासाला मनाई नाही, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून ती आमच्या घरचीच झाली. सासूबाई तिला 'आपली यूटावाली' म्हणू लागल्या.

ही यूटावाली स्वयंपाकाचे आणि लेकरांचे व्हिडिओ टाकायची, आणि त्यावरून तिकडे बरीच ओळखीची झाली होती. गेल्या वर्षी तिला टीव्हीवरच्या एका मोठ्या नाचाच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. तिथं नामवंत माणसं उतरतात, प्रत्येकाला एक कसलेला नर्तक जोडीदार मिळतो आणि दर आठवड्याला कुणीतरी बाहेर पडतं. त्याच स्पर्धेत आणखी एक मॉर्मन बाई होती, ती गाणारी. तिकडे रात्री कार्यक्रम लागायचा तेव्हा इकडे सकाळ असायची, बरोबर आमच्या चहाची वेळ. भाची तिच्या टीव्हीपुढे फोन धरायची आणि आम्ही इकडे मशीनला फोन टेकवून बघायचो. मागून ती नाचाचा व्हिडिओही पाठवायची.

पहिल्यांदा तिला नाचताना पाहिलं आणि माझ्या हातातली कात्री हातातच राहिली. पीठ मळताना पाहिलेली बाई ही. जोडीदारानं तिला वर उचललं, हवेत फिरवलं, आणि ती खाली उतरली तेव्हा पावलाचा आवाजसुद्धा झाला नाही. पाठ ताठ, चेहऱ्यावर धाप नाही. चार बाळंतपणं झालेलं शरीर असं वागू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. माझी दोन बाळंतपणं झालीत आणि खाली पडलेली दोऱ्याची बॉबिन उचलताना मी आई गं म्हणते. 

मग माझी शिंपिणीची नजर गेली तिच्या कपड्यावर. बाकीच्या बायकांच्या अंगावर नुसत्या टिकल्या आणि दोऱ्या. हिला मात्र कोपरापर्यंत बाही. त्यांच्या पंथात खांदा झाकायची रीत आहे म्हणे. आता ज्यांनी शिवणकाम केलंय त्यांना विचारा, बाही असली की हात वर केल्यावर अख्खा कपडा कंबरेपासून वर ओढला जातो. हिचा जागचा हलत नव्हता. भाचीनं पाठवलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून बघितला. काखेत चौकोनी तुकडा घातला होता, तोही उरेब, म्हणजे तिरपा कापलेला. ज्यानं कुणी तो शिवला असेल त्याच्या हाताला माझा दंडवत.

सासूबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. "परक्या मानसाच्या हातात हात देऊन नाचायली. नवरा काय म्हनतो?"

"समोर बसलाय बघा. चार लेकरं घेऊन टाळ्या वाजवायलाय."

"आसं का." पदर तोंडावरून खाली आला. मग म्हणाल्या, "आजून एकदा लाव."

त्यात भाचीनं सांगितलं की बाकीचे रविवारीही सराव करतात, पण ही करत नाही. रविवार देवाचा म्हणून लेकरं घेऊन प्रार्थनेला जाते. सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हनतेत नेम!"

आमच्याकडे आपलं माणूस कसोटीला उभं राहिलं की त्याच्या नावानं घरचं कुणीतरी आवडीची वस्तू सोडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप पुढे केला तर सासूबाईंनी तो बोटानं मागे सारला. "ती नाचायली तवर माझा चहा बंद."

मला वाटलं, दुपारपर्यंत टिकतील. टिकल्या. पण घरादाराला जे भोगावं लागलं ते विचारू नका. सकाळी त्यांचं डोकं ठणकायचं, आणि मग भांडं वाजलं तरी माझा उद्धार, दार वाजलं तरी माझाच. आमच्या ह्यांचं गावात दुकान आहे, ते त्यांनी तासभर आधी उघडायला सुरुवात केली. गिऱ्हाईक येवो न येवो, दुकानात शांतता तरी होती.

त्या दुसऱ्या मॉर्मन बाईसाठी मात्र त्यांचा नेम नव्हता. तिचे खांदे उघडे असायचे. सासूबाई तिचा नाच लागला की खाटेवर कूस बदलायच्या. "तिनं सोडलं सगळं. तिला न्हाई माजा नेम."

आणि नेमकं याच दिवसांत माझ्या लेकीचं प्रकरण उभं राहिलं.

माझी लेक केजच्या कॉलेजात शिकते. नाच तिच्या अंगातच आहे. गॅसपाशी पोळी उलटतानाही तिचा पाय ठेका धरतो. एका मराठी वाहिनीच्या नाचाच्या स्पर्धेची निवड लातूरला होती, तिचे वडील तिला घेऊन गेले. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, कारण यातून काही निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं. आणि एक दिवस फोन आला की मुंबईला या. पोरगी आनंदानं ओरडली, मी ओरडले, शेजारीण भिंतीवरून डोकावली, आणि खाटेवरून एकच शब्द आला.

"न्हाई."

लेकीचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. आमच्या घरात सासूबाईंच्या 'न्हाई'पुढे कुणाचं चालत नाही. सासरे गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं उभं ठेवलं, त्यामुळे आमचे हे त्यांच्यापुढे तोंड उघडत नाहीत. पण माझं तोंड काही शिवलेलं नाही.

"आई, तिकडं ती कोण कुठली बाई, तिच्यासाठी तुम्ही चहा सोडला. आन् तुमच्या रक्ताच्या नातीसाठी एक 'हो' सुटंना का?"

"नाचाला माझी ना न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "मी बघितल्याती ह्या स्पर्धा. आधी मूर्तीपुढं वाकतेत, मंग नाचतेत. यूटावाली कुनापुढं वाकत न्हाई. ही वाकंल. समदी वाकायली म्हनल्यावर एकटं पोरगं ताठ कसं ऱ्हाईल? मला तिचा भरवसा न्हाई, कावून की ती लहान हाय."

लेक उठली. मागच्या अंगणात जाऊन धुणं वाळत घालत बसली. वाळलेलंच धुणं होतं ते.

त्या आठवड्यात भाचीनं व्हिडिओ कॉल लावला आणि शेजारी यूटावालीला बसवलं. आम्ही तिला पहिल्यांदाच अशी समोरासमोर बघत होतो. साधा टी-शर्ट, केस वर बांधलेले, मांडीवर धाकटं पोरगं. भाचीनं शिकवलेलं असणार, तिनं हात जोडून मोडक्या उच्चारात 'दंडवत प्रणाम' म्हटलं. सासूबाईंनी खुशीत हात जोडले. धाकटीनं आधी म्हटलं होतं ना.

चहाचा नेम भाचीनं तिला सांगितला तेव्हा खरंच का म्हणून तिनं भाचीकडे पाहिलं. मग म्हणाली, आणि भाची आम्हाला मराठीत सांगत गेली, "माझ्यासाठी लोक टाळ्या वाजवतात. पण आजवर कुणी काही सोडलं नव्हतं."

सासूबाईंनी मात्र कामाचाच प्रश्न काढला. "तिला इचार, ती दुसरी हाय न्हवं, तिच्याच पंथाची? तिचं खांदं उघडं आसतेत. तिनं नेम मोडला का न्हाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाचीही चाचरली. पण यूटावाली हसली नाही की रागावली नाही. थोडा वेळ मांडीवरच्या पोराच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"ते तिचं आणि तिच्या देवाचं आहे," ती म्हणाली. "स्टेजवर जायच्या आधी आम्ही दोघी पडद्यामागं हातात हात घेऊन प्रार्थना करतो. तेव्हा मी तिचे खांदे बघत नाही. डोळे मिटलेले असतात."

 कॉल संपला, सासूबाईंनी जपमाळ हातात घेतली आणि दिवसभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. भांडं पडलं तरी बोलल्या नाहीत. मला भीतीच वाटायला लागली.

पुढच्याच आठवड्यात यूटावाली बाहेर पडली. नाव पुकारलं तेव्हा तिनं जोडीदाराला मिठी मारली आणि लेकरांकडे धावली. मला वाईट वाटलं, पण सासूबाईंचा चहा परत सुरू होणार या विचारानं, कशाला खोटं बोलू, थोडं हायसंही वाटलं. पटकन आलं किसून चहा टाकला आणि कप त्यांच्यापुढे नेऊन ठेवला.

त्यांनी बोटानं मागे सारला.

"आता काय? झाला की तुमचा नेम पुरा."

"दुसरी हाय न्हवं आजून," सासूबाई म्हणाल्या.

मी तिथंच खाटेच्या कडेला बसले. ही तीच म्हातारी, जी त्या बाईचा नाच लागला की कूस बदलायची. मी या घरात आल्यापासून या बाईशी भांडत आले, पण त्या सकाळी त्यांच्याकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला. या वयात माणूस गुडघेसुद्धा बदलून घ्यायला तयार नसतं. यांनी आपलं मन बदललं होतं आणि त्याचा गाजावाजाही केला नव्हता. तो कप मग मीच प्यायले. गार झाला होता.

त्याच दिवशी लेक कॉलेजातून आली तेव्हा त्यांनी तिला खाटेजवळ बोलावलं. "जा तू मुंबईला. आयेला संगं घे."

पोरीला खरं वाटेना. "आन् आज्जी, तिथं ते मूर्तीपुढं..."

"ते तुझं तू बघ. मी इचारनार न्हाई." आणि जपमाळ ओढत परत डोळे मिटले.

मी लेकीसाठी पोशाख शिवायला घेतला. मोरपंखी कापड, कोपरापर्यंत बाही, आणि काखेत उरेब चौकोनी तुकडा, यूटावालीच्या कपड्यात पाहिला होता तसा. दोनदा बिघडला, तिसऱ्यांदा जमला. लेकीनं हात वर करून गिरकी घेतली आणि कपडा जागचा हलला नाही. मी तिला काही विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही. बोलायचं ते सगळं मशीननं बोलून घेतलं.

मुंबईतला तो स्टुडिओ म्हणजे एक प्रचंड गोदामच. वर इतके दिवे की मान मोडेल. मला प्रेक्षकांत बसवलं. स्टेजच्या कडेला नटराजाची मूर्ती होती, ताज्या झेंडूच्या हारासह. येणारा प्रत्येक जण आधी तिच्यापुढे वाकायचा, मग स्टेजला हात लावून कपाळाला लावायचा आणि मग नाचायचा. चांगली रीत आहे, श्रद्धेनं करत होते सगळे. पण पुढची पाळी माझ्या पोरीची होती. मोरपंखी पोशाखात माझी पोरगी पडद्याआडून आली तेव्हा मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. वाकली तर मी घरी काय सांगू, आणि नाही वाकली तर इथं हिचं काय होईल, दोन्ही विचार एकाच वेळी डोक्यात.

ती मूर्तीजवळ क्षणभर थांबली. मूर्तीची अवहेलना होईल असं काही केलं नाही, पण वाकलीही नाही. मग ती आमच्याकडे वळली. परीक्षक, वादक, दिवे सांभाळणारे, केबल ओढणारे, आम्ही प्रेक्षक, सगळ्यांकडे बघून तिनं हात जोडले आणि कंबरेतून पार खाली वाकली. ओठ हलले. ऐकू आलं नाही, तरी काय म्हणाली ते मला कळलं.

एका परीक्षकानं माइकवर विचारलं, "बाळा, नटराजाला नमस्कार राहिला का?"

"न्हाई सर," ती म्हणाली. घाबरली की तिची बोली परत येते. "आमच्यात मानसाला करतेत."

 मग मागे बसलेल्या ढोलकीवाल्यानं ढोलकी मांडीवरून खाली ठेवली आणि तिला हात जोडले. त्याचं बघून शेजारच्यानं जोडले. परीक्षकानंही जोडले. मी रडत होते आणि शेजारची बाई मला रुमाल देत होती. त्यानंतर लेक जे नाचली ते मला धड सांगता येणार नाही. बाही जागची हलली नाही, एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या फेरीत ती बाहेर पडली. तिच्यापेक्षा चांगले नाचणारे होते, उगाच कशाला कुणाला नावं ठेवायची. निघायच्या आधी घरी फोन केला तेव्हा आमचे हे म्हणाले की ती गाणारी बाईही तिकडे बाहेर पडली. मी विचारलं, मग आईंनी चहा घेतला का? "कुठलं काय," हे वैतागून म्हणाले. "म्हनतेत, आपली यायची हाय न्हवं आजून."

गावात उतरून रिक्षानं घरी येताना लेक खाली मान घालून बसली होती. हरल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी धास्ती आज्जीची होती. खरं तर धास्ती घ्यायचं कारण नव्हतं, आणि ते सांगायला मी उतावीळ झाले होते. दारात पाय ठेवल्याबरोबर सगळं सांगून टाकायचं, मी वाटेत दहादा मनात घोळवलं होतं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. भिंतीचा आधार सोडून. लेक पिशवी खाली ठेवून हात जोडणार, तेवढ्यात त्यांनीच जोडले. दुखऱ्या गुडघ्यांवर, कंबरेतून, जमेल तेवढ्या वाकल्या.

"दंडवत प्रणाम," त्या माझ्या लेकीला म्हणाल्या.

पोरगी हमसून रडायला लागली. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. "आई, आधी ऐका तरी, तिथं हिनं काय केलं..."

"मी इचारलं का तुला?" त्यांनी नातीचे डोळे पदरानं पुसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "चहा टाक. आन् पैला कप हिला दे."